पाइपमधून डेटा जाताना इनपुट कुठे बिघडतं आणि ते कसं शोधायचं

रविवारी सकाळी मामांचा फोन आला. "अगं ४७ नंबरचं बिल शून्य निघालंय, म्हातारा सकाळपासून ओट्यावर येऊन बसलाय, काय सांगू त्याला?"

मामांचं गावाकडे छोटं दूध संकलन केंद्र आहे, दर दहा दिवसांनी सभासदांची बिलं निघतात आणि त्यासाठी मी एक छोटी साखळी करून दिली होती. पहिली पायथनची स्क्रिप्ट शीटमधून आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) वाचते, आकडे तपासते, फॅटप्रमाणे दर लावते, मग सॉर्ट खातं नंबरप्रमाणे ओळी लावतो आणि शेवटी ऑक (कॉलमवर हिशोब करणारी कमांड) लिटर गुणिले दर करून खातेवार बेरीज काढतो. तीनच तुकडे, मध्ये पाइप, म्हणजे | ही खूण, जी एकाचं आउटपुट पुढच्याला इनपुट म्हणून देते. सहा महिने व्यवस्थित चाललं होतं. त्या दिवशीही कुठेच एरर नव्हती, साखळी नीट पूर्ण झाली, फक्त एका माणसाच्या दहा दिवसांच्या दुधाचे पैसे शून्य.

ते शोधताना जे जे करावं लागलं आणि त्याआधी-नंतर पाइपच्या बाबतीत जे जे अनुभवलंय ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. कमांड मी बोलते तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा. उदाहरणं लिनक्सची आहेत, विंडोजचं वेगळं जिथे आहे तिथे सांगितलंय.

आधी साखळी तोडा

पहिली चूक सगळेच करतात ती म्हणजे जिथे चुकीचं उत्तर दिसतं तीच स्क्रिप्ट उघडून बसायचं. मीपण आधी ऑकच बघत बसले, अर्धा तास गेला, ऑकमध्ये काही नव्हतंच. पाइपमध्ये दोष दिसतो एकीकडे आणि असतो दोन सांधे मागे, म्हणून स्क्रिप्ट वाचायच्या आधी सांधे बघायचे.

साखळी अशी होती:

कॅट दूध.सीएसव्ही | पायथन साफ.पाय | सॉर्ट | ऑक -एफ बेरीज.ऑक

आता एकेक तुकडा सुटा चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. साफ.पायचं आउटपुट १.टीएक्सटी, सॉर्टचं २.टीएक्सटी. मग प्रत्येक फाइलवर डब्ल्यूसी -एल मारून ओळी मोजा. आत ४२० ओळी गेल्या, हेडरची एक सोडून बाहेर ४१९ यायला हव्यात. ४१८ आल्या तर एक ओळ कुठे गेली हा प्रश्न तिथेच सोडवायचा, पुढे जायचं नाही. साखळी चालू ठेवूनच मधलं बघायचं असेल तर टी ही कमांड दोन तुकड्यांच्या मध्ये लावा, ती डेटा पुढेही पाठवते आणि फाइलमध्येही उतरवते.

हे करताना एक काळजी घ्या. साफ.पायला दूध.सीएसव्ही द्यायची आणि आउटपुटही > लावून दूध.सीएसव्हीमध्येच घ्यायचं, असं कधीही करू नका. शेल, म्हणजे टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्रॅम, स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच ती फाइल लिहायला उघडतं आणि रिकामी करतं, स्क्रिप्टला वाचायला काही उरतच नाही आणि मूळ डेटाही गेला. नेहमी नव्या नावाने लिहा.

माझ्या ओळींची संख्या बरोबर होती, ४१९ च्या ४१९. मग ग्रेपने (हव्या त्या मजकुराच्या ओळी शोधणारी कमांड) ४७ नंबरच्या ओळी काढल्या तर त्या पण होत्या, लिटर पण दिसत होते. डोळ्याला सगळं ठीक.

मग बाइट बघा

पाइपची कल्पना बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांची, केन थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली, आणि तेव्हापासून आजपर्यंत पाइपमधून जातात ते फक्त बाइट. हा आकडा, हे नाव, हा कॉलम असलं काहीही पाइपला कळत नाही, ते सगळं दोन्ही टोकांच्या स्क्रिप्टनी आपापसात ठरवलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते न बोलता ठरलेलं असतं. म्हणून स्क्रीनवर काय दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, बाइटच बघायचे. त्यासाठी ओडी -सी ही कमांड.

ग्रेपने संशयित ओळ काढा आणि | ओडी -सी ला द्या. साधी अक्षरं जशीच्या तशी दिसतील, बाकीचे बाइट ऑक्टल (आठच्या पायाच्या) आकड्यांत. मॅकवर हेच हवं असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावा, नाहीतर तो अक्षरं जोडून दाखवतो. मी एक चांगली ओळ आणि ४७ ची ओळ एकाखाली एक काढली, लिटरच्या जागी हे होतं:

चांगली: 1 2 . 5

४७ ची: 340 245 247 340 245 250 . 340 245 253

म्हणजे ४७ च्या ओळीत लिटर देवनागरी आकड्यांत होते, १२.५. मामांना विचारलं तेव्हा कळलं की वाडीवरचं दूध आता एक पोरगा तिथेच मोबाईलवर शीटमध्ये भरतो, त्याचा कीबोर्ड मराठी, आणि त्या दहा दिवसांत वाडीवर दूध घालणारा ४७ नंबर एकटाच होता. खातं नंबर तो यादीतून निवडतो म्हणून ते बरोबर, लिटर मात्र हाताने टाइप.

ओडीमध्ये काही खुणा लक्षात ठेवल्या की पुष्कळ वेळ वाचतो. ओळीच्या शेवटी \ आर आणि \ एन असे दोन्ही दिसले तर फाइल बहुतेक विंडोजमधून आलीये. फाइलच्या अगदी सुरुवातीला 357 273 277 असेल तर तो बॉम (एन्कोडिंग सांगणारी, स्क्रीनवर न दिसणारी खूण), एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची आजची नेहमीची पद्धत) म्हणून सेव्ह केलं की लागतो. 302 240 म्हणजे न तुटणारी स्पेस, वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात हमखास असते. 342 200 215 म्हणजे शून्य रुंदीचा जॉइनर, त्याच्याबद्दल खाली. 340 245 च्या पुढे 246 ते 257 मधलं काही असेल तर तो देवनागरी आकडा.

तपासलं एक, पाठवलं दुसरं

पण मग साफ.पायमध्ये मी आकडा तपासत होते तो का पास झाला? खरी गोम इथे आहे आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळखून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

पायथनचं फ्लोट आणि इंट देवनागरी आकडे घेतात. १२.५ ही देवनागरी स्ट्रिंग फ्लोटला दिली तर तो तक्रार न करता साडेबारा देतो. माझी स्क्रिप्ट फ्लोट करून बघत होती, एरर आली नाही म्हणजे आकडा ठीक असं मानत होती, आणि मग प्रिंट करताना मूळ स्ट्रिंगच पुढे ढकलत होती. ऑकला देवनागरी आकडे कळत नाहीत. ज्या स्ट्रिंगच्या सुरुवातीला ओळखीचा आकडा नाही तिची किंमत ऑक शून्य धरतो आणि गप्प पुढे जातो. पायथनने होकार दिला, ऑकने शून्य मानलं, आणि दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. सॉर्ट -एन पण असाच वागतो, त्यालाही देवनागरी आकडा शून्यच.

यावरचा उपाय एका ओळीचा निघाला. जे तपासलंय तेच पुढे पाठवायचं, म्हणजे मूळ स्ट्रिंग प्रिंट न करता रूपांतर झालेला आकडा प्रिंट करायचा. पैशांचं काम असेल तर फ्लोटऐवजी डेसिमल वापरा, तोही देवनागरी आकडे घेतो आणि स्ट्रिंग केल्यावर साध्या आकड्यांत देतो, शिवाय पूर्णांकानंतरच्या पैशांची गडबड होत नाही.

पायथन मध्ये नसेल आणि शेलमध्येच आकडे बदलायचे असतील तर सेडची (मजकूर बदलणारा प्रोग्रॅम) वाय कमांड वापरा, एका बाजूला ०१२३४५६७८९ आणि दुसऱ्या बाजूला 0123456789. यूटीएफ-८ लोकेल (भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) लागतं, सी लोकेल असेल तर सेड म्हणेल की दोन्ही बाजूंची लांबी वेगळी आहे. टीआर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारी किंवा अक्षर काढणारी कमांड) मात्र या कामाला अजिबात वापरू नका. लिनक्सवरचा टीआर एकेक बाइट धरून चालतो, देवनागरी अक्षर तीन बाइटचं, तो तुमच्या आकड्यांसोबत नावांचीही पार वाट लावतो. \ आर काढायला मात्र टीआर -डी उत्तम, कारण तो एकच बाइट आहे आणि यूटीएफ-८ मधल्या दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही.

स्वल्पविरामाचंही बोलूया. 1,250 पायथनला दिलं तर व्हॅल्यूएरर येते, ते बरं, निदान कळतं. ऑकला दिलं तर तो 1 धरतो. मग लोक म्हणतात स्वल्पविराम काढून टाका की सगळीकडचे. नका काढू असे आंधळेपणाने. त्याच शीटमध्ये मला 12,5 असं पण सापडलं, घाईत टिंबाऐवजी स्वल्पविराम पडलेला, आणि तो काढला असता तर साडेबारा लिटरचे एकशे पंचवीस लिटर झाले असते. एका वेळच्या लिटरमध्ये स्वल्पविराम यायचं कारणच नाही, म्हणून तिथे ओळ नाकारायची आणि माणसाला विचारायचं. रकमेच्या कॉलममध्ये 1,25,000 येऊ शकतं, तिथे आधी आकड्यांची मांडणी नीट आहे का बघून मगच काढा.

ओळीचा शेवट, फाइलची सुरुवात

विंडोजचा \ आर पायथनच्या आकड्यांत त्रास देत नाही कारण इंट आणि फ्लोट आजूबाजूची रिकामी जागा झटकून टाकतात, त्यामुळे तो तिथे लपून राहतो आणि पुढे ऑकमध्ये शेवटच्या कॉलमची तुलना करताना फुटतो. शेवटच्या कॉलममध्ये "हो" लिहिलंय, तुम्ही "हो" शीच तुलना करताय आणि एकही ओळ जुळत नाही, असं झालं की डोळे झाकून \ आर तपासा. साखळीच्या पहिल्याच टोकाला टीआरने काढून टाकणं सगळ्यात सोपं.

बॉमचं लक्षण वेगळं. पहिला कॉलम सोडून बाकी सगळे सापडतात. हेडरमध्ये "खाते" स्पष्ट दिसतंय आणि पायथन कीएरर देतोय, कारण त्याच्या दृष्टीने नाव आहे "बॉम-खाते". स्ट्रिप केल्याने बॉम जात नाही, तो रिकाम्या जागेत धरला जात नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला स्टँडर्ड इनपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं रीकॉन्फिगर करा, पायथन ३.७ पासून ती सोय आहे. बॉम असला तर काढला जातो, नसला तरी बिघडत नाही.

आणि सीएसव्ही असेल तर कट -डी , वापरून कॉलम तोडू नका. "पाटील, शंकर" असं अवतरणात नाव आलं की एक कॉलम सरकतो आणि लिटरच्या जागी फॅट येतं. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल घ्या, पहिल्याच तुकड्यात टॅबने वेगळं करून पुढे पाठवा, मग पुढे ऑक आणि कट खुशाल वापरा.

दिसतं सारखं, जुळत नाही

नावांवरून यादी जुळवताना एक दुखणं खास आपलं. कऱ्हाड हे नाव दोन तऱ्हेने टाइप होतं, एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन आणि एकदा र, हलन्त आणि जॉइनर अशी जुळणी करून: कऱ्हाड आणि कर्‍हाड. स्क्रीनवर बहुतेक फॉन्टमध्ये फरक दिसत नाही, बाइट वेगळे, म्हणून सॉर्ट त्यांना दोन गावं मानतो आणि बेरीज दोन ओळींत फुटते. वऱ्हाड, ताऱ्या, गोऱ्हे, सगळीकडे तेच. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) लावलं की र आणि नुक्ता मिळून केलेला ऱ सरळ होतो पण जॉइनरवाला होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो: र-हलन्त-जॉइनर दिसलं की तिथे ऱ-हलन्त टाका, आणि हे आधी करा. सरसकट सगळे जॉइनर काढून टाकले तर कर्हाड होतं, र डोक्यावर रफार होऊन बसतो, ते चूकच.

शक्य असेल तिथे नावावर जुळवूच नका, नंबरवर जुळवा. मामांच्या केंद्रात खातं नंबर होता म्हणून मी यातून वाचले.

बघायला पायथनमध्ये ॲस्की हे फंक्शन वापरा, रेपर नको. रेपर बॉम आणि जॉइनर उघडे करून दाखवतो पण देवनागरी आकडा तसाच छापतो, आणि आपल्याला तर तोच पकडायचाय.

विंडोजवर प्रश्नचिन्हं का येतात

स्क्रिप्ट नुसती चालवली की मराठी नीट दिसतं आणि पाइप लावला किंवा फाइलमध्ये घेतलं की युनिकोडएन्कोडएरर, त्यात चारमॅप असा शब्द, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको किती चिडचिड होते. कारण असं की कन्सोलवर लिहिताना पायथन युनिकोड वापरतो, पण पाइपवर लिहिताना विंडोजचं जुनं कोडपेज धरतो आणि त्यात देवनागरी नाही. पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा, प्रश्न मिटतो.

पॉवरशेल ५.१ असेल तर अजून एक. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देताना मूळ सेटिंगनुसार ॲस्की करून देतो, मराठी अक्षराच्या जागी सरळ प्रश्नचिन्ह जातं आणि ते परत आणता येत नाही. आउटपुटएन्कोडिंग हा व्हेरिएबल यूटीएफ-८ करा, किंवा नवा पॉवरशेल ७ घ्या, त्यात ते आधीच यूटीएफ-८ आहे.

बोलणं वेगळ्या दाराने

स्क्रिप्टला तीन दारं असतात, 0 इनपुट, 1 आउटपुट, 2 एरर. पाइप फक्त 1 नंबरचं उचलतो. मध्येच कुठेतरी "इथपर्यंत आलं" असं प्रिंट टाकलं की ती ओळ पुढच्या स्क्रिप्टच्या डेटात जाऊन बसते आणि ती बिचारी त्याचा आकडा करायला बघते. तपासणीचं सगळं बोलणं 2 वर पाठवा, पायथनमध्ये प्रिंटला फाइल म्हणून स्टँडर्ड एरर द्या. पायथनच्या इनपुट फंक्शनलाही हेच लागू, कंसात "नंबर टाका:" लिहिलं असेल तर पाइपमध्ये ते वाक्यही 1 वरूनच पुढे जातं. शिवाय इनपुट संपलं की ते ईओएफएरर देतं. पाइपमधून वाचणारी स्क्रिप्ट असेल तर इनपुट फंक्शन सोडा, स्टँडर्ड इनपुटवर फॉर लूप फिरवा, संपलं की लूप आपोआप थांबतं.

बॅशमध्ये व्हाइल रीडने ओळी वाचत असाल तर रीडला -आर द्या नाहीतर बॅकस्लॅश गायब होतात, आणि फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ती ओळ लूपच्या आत येतच नाही, यात माझा एकदा शेवटचा सभासद राहिला होता. लूपच्या आत एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर तो उरलेल्या सगळ्या ओळी स्वतः पिऊन टाकतो आणि लूप एकाच फेरीत संपतं, त्याला -एन द्या. लूपमध्ये वाढवलेली बेरीज बाहेर शून्य दिसते तेही याच घरातलं, पाइपच्या उजवीकडचं लूप वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या दुसऱ्या प्रतीत चालतं.

हेड (फक्त पहिल्या काही ओळी घेणारी कमांड) लावल्यावर ब्रोकनपाइपएरर आली तर घाबरू नका. हेडला हव्या तेवढ्या ओळी मिळाल्या आणि तो निघून गेला, डेटा बिघडलेला नाही.

दाराशी एक तपासनीस

आता माझी साफ.पाय अशी चालते. प्रत्येक ओळ मोजते, कॉलम बरोबर पाच आहेत का बघते, लिटर डेसिमल करते, शून्यापेक्षा जास्त आणि मामांनी सांगितलेल्या कमाल लिटरच्या आत आहे का बघते. काहीही खटकलं तर ओळ नंबर, खातं नंबर आणि ॲस्कीतलं मूळ मूल्य 2 वर लिहिते आणि शेवटी नापास ओळी असतील तर एक्झिट कोड 1 (म्हणजे अपयशाची खूण) देऊन बाहेर पडते. आधी मी ट्राय-एक्सेप्टमध्ये कंटिन्यू टाकून खराब ओळी सोडून देत होते, ते मी सगळीकडून काढलं. सोडून दिलेली ओळ म्हणजे कोणाचं तरी एका वेळचं दूध असतं.

त्यासोबत बॅश स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ओ पाइपफेल हवंच. ते नसेल तर साखळीचा निकाल फक्त शेवटच्या तुकड्यावर ठरतो, साफ.पाय मध्येच कोसळली तरी ऑक आलेल्या अर्ध्या ओळींची बेरीज करून देतो आणि सगळं यशस्वी म्हणून संपतं. पाइपफेल लावल्यावरही ऑकचं आउटपुट फाइलमध्ये गेलेलं असतंच, म्हणून बिलं आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि साखळी यशस्वी झाली तरच एमव्ही करून खरं नाव द्या.

शेवटची तपासणी बेरजेची. साफ.पाय एकूण लिटर 2 वर छापते, ऑक पण शेवटी एकूण लिटर 2 वर छापतो. दोन्ही आकडे वेगळ्या भाषांनी वेगवेगळे काढलेत, जुळले नाहीत तर बिलं छापायची नाहीत असं मामांना सांगून ठेवलंय. ही तपासणी त्या रविवारी असती तर म्हाताऱ्याला ओट्यावर बसावं लागलं नसतं.

आणि एक फाइल बाजूला ठेवली आहे, वाईट.सीएसव्ही. त्यात देवनागरी लिटरची ओळ, 12,5 ची ओळ, \ आर, बॉम, अवतरणातलं नाव, रिकामी ओळ, शेवटी एंटर नसलेली ओळ, आजवर जे जे चुकलं ते एकेक. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर बदललं तरी आधी ती फाइल आत घालते आणि निकाल जुन्या निकालाशी डिफने ताडून बघते. परवा तिच्यात एक ओळ वाढली, पोराने लिटरच्या जागी "सुट्टी" लिहिलं होतं. ओळ २३३, खातं ४७, साखळी जागच्या जागी थांबली आणि मामांनी फोन करून विचारलं, गाय आटलीये म्हणे, दूध घातलंच नव्हतं.